पाणी उडून गेल्यावर जॉबवर काय उरतं? अल्ट्रासोनिक सफाईतल्या शुद्ध पाण्याचा हिशोब

अल्ट्रासोनिक टाकीतून बाहेर काढलेला जॉब, म्हणजे सफाईला घातलेला सुटा भाग, ओला असताना लखलखीत दिसतो. वाळला की पांढरट ठिपके उमटतात, कडेला पाण्याच्या ओघळाच्या रेषा राहतात, ब्लाइंड होलच्या, म्हणजे आरपार न गेलेल्या भोकाच्या, तोंडाशी पावडर जमते. मग संशय मशीनवर जातो. पॉवर कमी पडतेय का, वेळ वाढवावा का, केमिकल थोडं जास्त घालावं का? बहुतेक वेळा यातलं काहीही चुकलेलं नसतं. मळ निघालेला असतो. डाग त्यानंतर पडलेला असतो आणि तो पाण्यातूनच आलेला असतो. अशा वेळी केमिकल वाढवलं तर डागही वाढतात.

शुद्ध पाणी कुठे वापरायचं आणि कुठे वापरणं म्हणजे ते वाया घालवणं, हे एकदा नीट कळलं की यातल्या निम्म्या अडचणी सुटतात. थोडक्यात सांगायचं तर धुण्याच्या टाकीला शुद्ध पाण्याचा थोडा फायदा होतो, पण शेवटच्या विसळण्याला त्याच्याशिवाय पर्याय नाही.

मळ कोण काढतं?

टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवलेले ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणारे भाग, अतिशय वेगाने कंप पावतात. ४० किलोहर्ट्झच्या मशीनमध्ये हे सेकंदाला ४०,००० वेळा घडतं. त्यामुळे पाण्यातला दाब सतत वरखाली होत राहतो. दाब घटला की पाण्यात सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, वाढला की त्या आतल्या आत कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पृष्ठभागाजवळ कोसळणारी पोकळी त्या पृष्ठभागावर पाण्याची अतिसूक्ष्म धार मारते आणि चिकटलेला मळ उचकटते. २५ ते २८ किलोहर्ट्झला पोकळ्या मोठ्या आणि मारा जोरकस असतो. ८० किलोहर्ट्झच्या पुढे पोकळ्या लहान होतात, मारा सौम्य पण अधिक बारीक जागी पोचणारा होतो.

या सगळ्यात पाण्यातल्या क्षारांचा वाटा फारच थोडा आहे. क्षार काढून टाकले म्हणून पोकळ्या जास्त जोराने कोसळत नाहीत. मारा किती बसेल हे ठरतं पाण्यात विरघळलेली हवा, तापमान आणि डिटर्जंट यांवर. नुसतं शुद्ध पाणी तेलाच्या बाबतीत दुबळं असतं. २० अंश सेल्सिअसला त्याचा पृष्ठताण सुमारे ७३ मिलीन्यूटन प्रति मीटर असतो, म्हणजे ते तेलकट पृष्ठभागावर पसरत नाही, थेंब धरून बसतं. योग्य डिटर्जंट घातला की हा ताण ३० च्या आसपास उतरतो आणि पाणी फटींत शिरतं. त्यामुळे ‘डिस्टिल्ड वॉटर घातलंय, आता डिटर्जंट कशाला’ हा विचार मुळातच चुकीचा आहे.

डागाचं गणित

एक चौरस मीटर पृष्ठभागावर ०.०५ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर राहिला असं धरू. म्हणजे ५० मिलिलिटर पाणी. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ४०० असेल, तर एका लिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम क्षार. पाणी उडून गेलं की त्या चौरस मीटरवर २० मिलिग्रॅम क्षार मागे राहतात. ५ टीडीएसच्या पाण्याने विसळलं असतं तर पाव मिलिग्रॅम राहिले असते.

२० मिलिग्रॅम तसे थोडेच. सगळीकडे सारखे पसरले असते तर नजरेलाही पडले नसते. पण पाणी सारखं वाळत नाही. थर तुटतो, थेंब होतात, थेंब कडेकडून आक्रसत जातो आणि त्यातला सगळा क्षार त्याच्या परिघावर किंवा शेवटी ओल्या राहिलेल्या जागी गोळा होतो. म्हणून डाग नेहमी जॉबच्या खालच्या कडेला, थ्रेडच्या मुळाशी आणि टोपलीची जाळी टेकते तिथे आधी दिसतात. भिंगाखाली पाहिलं तर ठिपक्याची कड दाट आणि मधला भाग जवळजवळ स्वच्छ असतो. असा कडा असलेला ठिपका दिसला की तो पाण्याच्या थेंबाचा, हे ओळखावं.

कोणतं पाणी काय करतं

सॉफ्टनरचं पाणी आणि शुद्ध पाणी यांत फार गल्लत होते. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. पाण्याचा जडपणा जातो, हीटरवर थर बसत नाही, डिटर्जंट नीट काम करतो. पण टीडीएस जवळपास होता तितकाच राहतो, म्हणून डागही पडतात. फरक इतकाच की सोडियमचे डाग पाण्याने पुसले जातात, कॅल्शियमचे जात नाहीत.

आरओचा पडदा ९५ ते ९९ टक्के क्षार अडवतो. ४०० टीडीएसचं पाणी आत गेलं तर सुस्थितीतल्या पडद्यातून साधारण १० ते १५ टीडीएसचं बाहेर येतं. मशीनिंग केलेल्या बहुतेक सुट्या भागांना इतकं पुरतं. आरओच्या आधी कार्बन फिल्टर हवाच, कारण पाण्यातला क्लोरीन पॉलिअमाइडचा पडदा खराब करतो.

याच्याही पुढे जायचं असेल तर मिक्स्ड बेड रेझिन लावतात. याला डीआय किंवा डीएम वॉटर म्हणतात. एक प्रकारचं रेझिन धन आयन धरून हायड्रोजन सोडतं, दुसरं ऋण आयन धरून हायड्रॉक्सिल सोडतं आणि दोघांचं मिळून पाणीच होतं. एक लिटर रेझिन साधारण २५ ग्रॅम क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने, धरून ठेवतं. म्हणजे ४०० टीडीएसचं पाणी थेट त्यातून सोडलं तर ६० लिटरच्या आसपास रेझिन संपतं. तेच पाणी आधी आरओतून १२ टीडीएसवर आणलं तर गणिताने २,००० लिटर निघतात. प्रत्यक्षात जरा कमी निघतात, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरओच्या पडद्यातून निसटतो आणि त्याचाही भार रेझिनवर पडतो. तरीही आरओशिवाय रेझिन वापरणं शहाणपणाचं नाही.

मोजताना टीडीएसपेक्षा कंडक्टिव्हिटी, म्हणजे विद्युतवाहकता, पाहणं चांगलं. टीडीएस मीटरही मुळात तेच मोजतो आणि ठरलेल्या गुणकाने आकडा बदलून दाखवतो. मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमधल्या आकड्याला ०.५ ते ०.७ ने गुणलं की अंदाजे टीडीएस मिळतो. वाहकता दर अंशामागे सुमारे २ टक्के वाढते, म्हणून ६० अंशाच्या पाण्यात तापमान-भरपाई नसलेला मीटर बुडवला तर चांगलं पाणीही खराब दिसेल. अगदी निर्भेळ पाण्याची वाहकता २५ अंशाला ०.०५५ असते. मात्र असं पाणी उघड्या टाकीत तसं टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ती १ च्या आसपास चढते आणि पीएच ५.६ ते ५.८ पर्यंत उतरतो. उघड्या टाकीसाठी १८ मेगाओहमच्या, म्हणजे अशा निर्भेळ, पाण्याचा हट्ट धरणं म्हणून व्यर्थ आहे.

प्रयोगशाळेतल्या पाण्यासाठी आयएसओ ३६९६ हे १९८७ चं प्रमाणक आहे. त्यात तिसऱ्या श्रेणीच्या पाण्याला ५, दुसऱ्या श्रेणीला १ आणि पहिल्या श्रेणीला ०.१ मायक्रोसीमेन्सची कमाल मर्यादा दिली आहे. सुट्या भागांच्या शेवटच्या रिन्ससाठी, म्हणजे विसळण्यासाठी, कामचलाऊ आकडे असे धरावेत: साध्या मशीनिंगच्या भागांना ५० च्या खाली, प्लेटिंग, पेंट किंवा चिकटवणीच्या आधी २० च्या खाली, भिंगं आणि इलेक्ट्रॉनिक्सला १ च्या जवळ. हे आकडे टाकीतल्या पाण्याचे आहेत, प्लांटमधून येणाऱ्या पाण्याचे नाहीत. प्लांटचा मीटर १ दाखवत असतो आणि टाकीत १२० असतात, हे अनेक ठिकाणी दिसतं, कारण टाकीत मीटर कोणी बुडवतच नाही.

धुण्याच्या टाकीत

इथे डीआय पाणी घालणं बहुधा उधळपट्टी ठरते. लिटरमागे ३० मिलिलिटर डिटर्जंट आपणच घालतो. त्यानंतर त्या पाण्याला शुद्ध म्हणण्यात अर्थ उरत नाही. पण जड पाणीही घालू नये. त्यातलं कॅल्शियम डिटर्जंटमधल्या घटकांना आधीच अडकवून ठेवतं, म्हणजे मळासाठी घातलेलं औषध पाण्यावरच खर्च होतं. शिवाय पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेटचा थर तळाला आणि हीटरला धरतो. तळावरचा थर कंपनं शोषतो, मारा कमी बसतो. त्यातच धातूचा कीस साचला तर कंपनांमुळे तो तळ घासत राहतो आणि स्टीलला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. धुण्यासाठी सॉफ्टनरचं किंवा आरओचं पाणी घ्यावं. दोन्हींतून निवड असेल तर आरओ, कारण त्यात क्लोराइडही कमी असतं आणि डिटर्जंटचं प्रमाण दर वेळी सारखं वागतं.

तापमान ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान ठेवावं. त्यापुढे पोकळ्यांत वाफ भरते, त्या मऊ कोसळतात आणि मारा बोथट होतो. जॉब तळावर कधीही ठेवू नयेत. टोपलीत ठेवावेत आणि टोपली तळापासून किमान २५ ते ३० मिलिमीटर वर राहावी.

शुद्ध पाण्याबद्दल आणखी एक समज आहे की ते हवाविरहित असतं. तसं नसतं. ताजं भरलेलं पाणी, मग ते आरओचं असो वा डीआयचं, हवेने भरलेलं असतं. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, ६० अंशाला तो ५ च्या आत येतो. विरघळलेली हवा पोकळ्यांत शिरून गादीसारखी दबते आणि कोसळण्याचा जोर खाऊन टाकते. म्हणून पाणी बदललं किंवा बरंच वरून भरलं, की पाणी तापवून रिकामं मशीन चालवायचं, म्हणजे जॉबशिवाय. छोट्या टाकीला १० मिनिटं, मोठ्या टाकीला अर्धा तास. बारीक बुडबुडे वर येणं थांबलं आणि आवाज फसफसण्याऐवजी एकसारखा, कडक येऊ लागला की हवा निघाली असं समजावं. खात्री करायची तर पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल ३० ते ६० सेकंद उभी धरावी. सगळीकडे सारखे बारीक खळगे आणि छिद्रं पडली तर टाकी ठीक आहे. एखादा पट्टा कोरा राहिला तर तिथला ट्रान्सड्यूसर तपासावा. चाचणीनंतर टाकीत सुटलेले फॉइलचे कण काढायला विसरू नये.

विसळणं, एकदा नव्हे दोनदा

धुतलेल्या टोपलीबरोबर १०० मिलिलिटर द्रावण बाहेर येतं असं धरा. ३ टक्क्यांच्या हिशोबाने त्यात ३ मिलिलिटर डिटर्जंट आहे. ही टोपली थेट २० लिटरच्या डीआय टाकीत बुडवली, तर पहिल्याच लॉटला त्या टाकीत १५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५० भाग, डिटर्जंट गेला. दुपारपर्यंत ते शुद्ध पाणी राहत नाही.

मध्ये २० लिटरची आणखी एक टाकी ठेवली तर चित्र बदलतं. पहिल्या टाकीत १५० पीपीएम जातात, तिथून निघालेल्या १०० मिलिलिटरबरोबर दुसऱ्या टाकीत पाऊण पीपीएम. दहा लॉट झाल्यावर पहिली टाकी १,५०० च्या जवळ पोचते, दुसरी मात्र ४० च्या आसपासच असते. जागा कमी आहे म्हणून मधली टाकी काढून टाकणं ही या कामातली सगळ्यात महाग बचत आहे.

त्याहून उत्तम रचना म्हणजे ताजं शुद्ध पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं आणि तिचं ओसंडलेलं पाणी मधल्या टाकीत घ्यायचं. जॉब एका दिशेने जातो, पाणी उलट दिशेने येतं. त्याच पाण्यातून दोनदा काम होतं. टोपली धुण्याच्या टाकीवर अर्धा मिनिट निथळू दिली आणि जरा तिरकी केली, तर बाहेर येणारं द्रावण खूपच कमी होतं. ब्लाइंड होल असलेले भाग तोंड खाली करून ठेवले तर आत हवा अडकते, वर केले तर पाणी अडकतं. त्यामुळे टाकीत असतानाच एकदा तरी फिरवावे लागतात.

पाण्याच्या वाफेचा हिशोब सहसा राहून जातो. ६० अंशाच्या २० लिटर टाकीतून रोज २ लिटर उडालं आणि वरून ४०० टीडीएसचं नळाचं पाणी घातलं, तर रोज ८०० मिलिग्रॅम क्षार टाकीत शिरतात आणि बाहेर काहीच पडत नाहीत. पाच दिवसांत टीडीएस २०० ने वाढतो. पहिल्यांदा भरताना शुद्ध पाणी घेतलं आणि रोजची भर नळाने केली, की आठवड्याच्या शेवटी डाग का येतात याचं उत्तर इथे असतं. भरही शुद्ध पाण्याचीच हवी.

मोजकेच आणि लहान भाग असतील तर एवढा पसारा लागत नाही. मशीनच्या टाकीत साधं, मऊ पाणी आणि थोडा डिटर्जंट घालावा. काचेच्या बीकरमध्ये पाव लिटर शुद्ध पाणी घेऊन जॉब त्यात सोडावा आणि बीकर तळाला न टेकवता टाकीत लटकवावा. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा जरा वर असू द्यावी. कंपनं काचेतून आत पोचतात आणि वीस लिटरऐवजी पाव लिटर शुद्ध पाण्यात काम होतं. बीकरमध्ये आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) किंवा कोणताही ज्वलनशील द्रव मात्र घालू नये. तापलेल्या उघड्या टाकीत त्याची वाफ पेट घेऊ शकते.

शुद्ध पाण्याने बिघडणारी कामं

साधं स्टील शुद्ध पाण्यात फार लवकर गंजतं. त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, पण गंज रोखणारं काहीही नसतं, आणि डिटर्जंट धुऊन गेल्यावर पृष्ठभाग पूर्ण उघडा पडलेला असतो. काही मिनिटांत पिवळट-नारिंगी झाक येते. उपाय दोनच. शेवटच्या रिन्समध्ये अर्धा ते एक टक्का गंजरोधक घालायचा आणि त्याचा पातळ थर जॉबवर राहील हे मान्य करायचं, किंवा रिन्स गरम ठेवून बाहेर काढताक्षणी कोरड्या गरम हवेत वाळवायचं. पेंटला जाणाऱ्या जॉबला गंजरोधक चालतो की नाही हे आधी विचारून घ्यावं.

अ‍ॅल्युमिनियम आम्लारी द्रावणात काळवंडतं, त्यामुळे धुण्याच्या टाकीचा पीएच ९ च्या वर जाऊ देऊ नये. फार गरम शुद्ध पाण्यात, ८० अंशाच्या पुढे, त्यावर ऑक्साइडचा थर चढून रंग बदलतो. जस्ताचा मुलामा असलेले भाग शुद्ध पाण्यात ठेवून दिले तर पांढरी पावडर धरतात. पितळ आणि तांबं थोडा वेळ चालतं, रात्रभर नाही. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसच्या टाकीला काहीही होत नाही. पण जस्ताचे पाइप किंवा पितळी कॉक शुद्ध पाण्याच्या लाइनवर असतील तर पाणी त्यांतून आयन ओढून घेतं आणि टाकीत पोचेपर्यंत खराब होतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा स्टेनलेसच्या लाइन घालाव्यात.

साठवणही पाहावी लागते. शुद्ध पाण्यात क्लोरीन नसतो, त्यामुळे उभं राहिलं की त्यात जिवाणू वाढतात आणि टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो. टाकी झाकलेली, अपारदर्शक असावी, पाणी फिरतं ठेवावं आणि लागेल तितकंच बनवावं. हा थर वाहकतेच्या मीटरला दिसत नाही. तेलही दिसत नाही आणि डिटर्जंटमधले बिनआयनी, म्हणजे विद्युतभार नसलेले, घटकही दिसत नाहीत. मीटरचा आकडा उत्तम असूनही जॉबवर धूसर पापुद्रा येतो, तेव्हा यांपैकीच काहीतरी असतं.

तेल राहिलंय का हे पाहायला जॉब शुद्ध पाण्यात भिजवून उभा धरावा. पाण्याचा थर अर्धा मिनिट अखंड राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ, जागोजागी फाटला तर तिथे तेल आहे. पण डिटर्जंट पुरता निघालेला नसेल तर तेलावरही पाणी पसरतं आणि चाचणी खोटा कौल देते. म्हणून आधी ताज्या शुद्ध पाण्याने पुन्हा विसळावं आणि मगच पाहावं.

वाळवताना कॉम्प्रेसरची हवा वापरत असाल तर ती पांढऱ्या टिश्यूवर आधी मारून बघा. टिश्यूवर तेलाचा डाग आला तर तोच जॉबवरही पडणार आहे. टोपली पाण्यातून झटकन न उचलता सावकाश वर घेतली की पाणी स्वतःहून खाली ओघळतं आणि वाळवायला फार थोडं उरतं.

डाग कशाचा आहे, ते कसं ओळखायचं

बाद झालेल्या जॉबवर हे करून पाहावं, विक्रीच्या जॉबवर नाही. डागावर आधी कोमट शुद्ध पाण्याचा थेंब ठेवा. विरघळून गेला तर तो सोडियमचे क्षार किंवा राहिलेला डिटर्जंट आहे. मधली रिन्स टाकी बदला. पाण्याने हलला नाही तर व्हिनेगरचा थेंब ठेवा. बुडबुडे आले किंवा डाग विरला तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कुठेतरी जड पाणी शिरतंय. वरून भर कोण कुठल्या नळाने करतंय ते बघा. दोन्हींनी फरक पडला नाही पण आयपीए लावलेल्या कापडाने पुसला गेला, तर तेल किंवा डिटर्जंटचा बिनआयनी भाग.

तिन्हींनीही गेला नाही तर बहुतेक सिलिका. मिक्स्ड बेड संपत आलं की सिलिका सगळ्यांत आधी निसटते आणि ती फारशी आयन रूपात नसल्यामुळे मीटरचा काटा जेमतेम हलतो. पृष्ठभागावर ती काचेसारखी बसते आणि घासून काढायला गेलं तर जॉबवर ओरखडे येतात. असा डाग एका जॉबवर दिसला की त्याच दिवशी रेझिन बदलून टाकावं, मीटर काहीही दाखवत असला तरी.